अमेरिकेतील एक जत्रा



जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी देव उभा राहतो. देव आहे म्हणून देऊळ, देऊळ आहे म्हणून पालखी, पालखी आहे म्हणून माणसे, आणि माणसे जमली म्हणून मग रेवड्यांची दुकाने, बांगड्यांची पाले, तमाशाचे तंबू आणि जनावरांचा बाजार. औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा घ्या, नाहीतर माळेगावच्या खंडोबाची घ्या, क्रम हाच. अमेरिकेत शेतकऱ्यांची जी मोठी जत्रा भरते तिच्या मध्यभागी देव नाही. तिथे मध्यभागी एखादी कालवड उभी असते, नाहीतर मक्याचे कणीस ठेवलेले असते, नाहीतर कुणा बाईने घातलेली लोणच्याची बरणी असते. आणि त्या वस्तूकडे टक लावून पाहणारा एक परीक्षक असतो. बाकी सगळा पसारा त्या परीक्षकाभोवती वाढलेला आहे.

या जत्रेला तिकडे 'स्टेट फेअर' म्हणतात, म्हणजे साऱ्या राज्याची मिळून एक जत्रा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती दरसाल भरते. त्यांतल्या नावाजलेल्या जत्रांपैकी एक आयोवा राज्याची. हे आयोवा म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागातले, काळ्या कसदार मातीचे राज्य. मका आणि सोयाबीन ही तिथली दोन मुख्य पिके. सोयाबीन म्हटल्यावर आपल्या हिंगोली-परभणीकडच्या कास्तकारांनी कान द्यायला हरकत नाही, कारण आपल्या खरिपाची मदारही आता याच पिकावर आहे, आणि तिकडे पीक कसे आले याचा परिणाम इकडे आपल्या मोंढ्यातल्या भावावर होतो. माझा एक मावसभाऊ आयोवाच्या राजधानीत, म्हणजे डेमॉइन शहरी, नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे मी गेलो तो ऑगस्टचा महिना होता, आणि ही जत्रा ऑगस्टातच अकरा दिवस भरते. त्यामुळे ती पाहण्याचा योग आला.

उद्या तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा लेक तिकडे असेल आणि तुम्हांलाही असा योग आला, तर पहिल्या तासात तुम्ही गोंधळून जाल, हे आधीच सांगून ठेवतो. गर्दी म्हणजे किती? या जत्रेला अकरा दिवसांत दहा लाखांवर माणसे येतात. आपल्या सबंध हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख होती. म्हणजे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत हे पाचही तालुके घरांना कुलूप लावून एका मैदानावर आले, असे समजा. तिकीट काढून आत शिरलात की तळणाचा वास येतो. खाण्याची तऱ्हा अशी की जे जे म्हणून काडीला टोचता येईल ते ते तिथे काडीला टोचून विकतात. मक्याच्या पिठात बुडवून तळलेले एक लांबट भजे सगळ्यांच्या हातात दिसेल. माळकऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये, त्याच्या पोटात मांस असते. भाजलेले मक्याचे कणीस मात्र बिनधास्त घ्यावे. ते लोण्यात बुडवून देतात.

लोण्यावरून आठवले. या जत्रेत एक गाय आहे, ती लोण्याची आहे. लाकडाचा नि तारेचा सांगाडा करून त्यावर सुमारे सहाशे पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलो लोणी थापून ही पुरी वाढलेली गाय घडवतात आणि काचेच्या थंड खोलीत ठेवतात. १९११ पासून हा प्रकार चालू आहे. लोक तिच्यापुढे रांग लावून उभे राहतात. 'अहो, पावणेतीनशे किलो लोण्याची ही नासाडी!' असे आपल्या मनात येतेच. पण तेच लोणी ते पुढची कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा वापरतात असे कळले, तेव्हा जरा बरे वाटले. शिवाय पाचशे किलोंच्या वर वजनाचा एक डुक्कर असतो, घरे असावीत एवढाले भोपळे असतात, आणि आकाशपाळणा तर असतोच असतो. लोखंडाचा राक्षसी आकाशपाळणा अमेरिकेनेच १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पहिल्यांदा उभारला. फेरिस नावाच्या अभियंत्याने केलेला तो पाळणा २६४ फूट उंच होता. अर्थात चार पाळण्यांचा, हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा आपल्या यात्रांतून त्याच्या किती तरी आधीपासून फिरत होता. पाळण्याचे एवढेच पुरे.

एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी वाटली. जत्रेला लागून असलेल्या टेकाडावर शेकडो कुटुंबे अकराच्या अकरा दिवस मुक्काम ठोकून असतात. पूर्वी तंबूत राहत, आता चाकांच्या घरांत राहतात. दरसाल तीच जागा, तेच शेजारी. आपले लोक माळेगावला बैलगाडीखाली पाल बांधून राहत, त्यातलाच हा प्रकार.

आता खरी जत्रा कुठे आहे ते सांगतो. खाण्यापिण्याचा हा रस्ता सोडून तुम्ही आत, गोठ्यांच्या बाजूला वळायला हवे. गाईंचा गोठा, मेंढ्यांचा गोठा, घोड्यांचा तबेला, सगळे वेगवेगळे. आणि प्रत्येकाजवळ भुसा पसरलेले एक रिंगण. रिंगणाभोवती बसायला पायऱ्या. तिथे गर्दी कमी असते. तिथे जाऊन बसा.

मी बसलो त्या सकाळी दुभत्या जातीच्या कालवडींची पारख चालली होती. दहाबारा मुले-मुली, कुणी बारा वर्षांचे, कुणी सोळा. अंगात पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात म्होरकीची दोरी. कालवडी अशा धुतलेल्या नि खरारा केलेल्या की आपल्याकडे पोळ्यालासुद्धा बैल तितका चकचकीत दिसत नसेल. मुले त्यांना हळूहळू गोल फिरवीत होती. मधोमध परीक्षक उभा. तो काही बोलत नव्हता. कधी वाकून पाय बघे, कधी मागे जाऊन पुठ्ठा बघे, कधी पाठीवरून हात फिरवी. वीस मिनिटे झाली. मग एकेकीला खूण करून त्याने ओळ लावली: ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी, अशी शेवटपर्यंत.

इथपर्यंत आपल्याकडच्या जनावरांच्या प्रदर्शनातही होते. पण पुढे त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि कारणे सांगायला सुरुवात केली. पहिली पहिली का, तर हिची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सरळ आहे आणि चालताना मागचे पाय मोकळे पडतात. दुसरीची छाती पहिलीहून रुंद आहे, हे मला मान्य आहे. पण तिचे मागचे पाय गुडघ्यात जरा जास्त वाकलेले आहेत आणि म्हातारपणी ते तिला त्रास देतील. तिसरी अजून वाढीला कमी आहे, सहा महिन्यांनी कदाचित हीच ओळ उलटी लागेल. असे करीत करीत तो शेवटच्या कालवडीपर्यंत आला. तिची दोरी धरलेली पोर अकरा-बारा वर्षांची असेल. तिच्या कालवडीत काय चांगले आहे ते त्याने आधी सांगितले, मग कमी काय ते सांगितले. ती पोर मान हलवून ऐकत होती. रडली नाही. ऐकून झाल्यावर तिने परीक्षकाशी हात मिळवला आणि कालवड घेऊन गोठ्याकडे गेली.

मास्तर लोकांना मी हे मुद्दाम तपशिलाने सांगतो आहे. नापास झालेल्या मुलाला आपण किती वेळा असे कारण सांगतो? आकडा लिहितो आणि वही परत करतो.

तिकडच्या मुलांच्या या संघटनेला 'फोर-एच' म्हणतात. डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांना इंग्रजीत जे चार शब्द आहेत ते चारही 'एच' या अक्षराने सुरू होतात, म्हणून हे नाव. आणि चार पाकळ्यांचे हिरवे पान ही त्यांची खूण. या मुलांनी शिवलेले कपडे, केलेले लाकूडकाम, लावलेली भाजी यांची पारखही जत्रेत होते. त्यात एक रीत मला फार आवडली. पुष्कळ ठिकाणी मुलांना एकमेकांशी ताडून नंबर देतच नाहीत. काम कसे असावे याचे माप आधी ठरलेले असते आणि प्रत्येक काम त्या मापाला लावून पाहतात. उत्तम असेल त्याला निळी फीत, बरे असेल त्याला तांबडी, सुधारायला हवे असेल त्याला पांढरी. दहा मुलांची कामे उत्तम असली तर दहाही जणांना निळी फीत मिळते.

सगळेच आवडले असे मात्र नाही. मांसासाठी पाळलेले गोऱ्हेही याच मुलांनी वाढवलेले असतात. वर्षभर ते त्याला दाणा-पाणी करतात, त्याचे नाव ठेवतात, जत्रेच्या दिवसांत कधीकधी त्याच्याच शेजारी भुशावर झोपतात, आणि बक्षीस मिळालेल्या गोऱ्ह्यांचा शेवटी लिलाव होतो. कशासाठी होतो ते सांगायला नको. जी पोरे हरल्यावर रडत नाहीत ती इथे गोऱ्ह्याच्या गळ्यात हात टाकून रडतात. त्यातून मुलाला शेतीचा व्यवहार कळतो, असे तिकडचे लोक म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा व्यवहार गळी उतरणे कठीण आहे. मला तरी तो उतरला नाही.

ही जत्रा निघाली कशी तेही ऐकण्यासारखे आहे. १८०७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड गावी एल्काना वॉट्सन नावाच्या गृहस्थाने मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या गावच्या चौकात झाडाखाली बांधून ठेवल्या. लोकर चांगली कशी असते ते शेजाऱ्यांनी हात लावून पाहावे, एवढाच हेतू. लोक जमले, बोलू लागले. १८१० साली त्याने तिथेच जनावरांचे प्रदर्शन भरवले. सबंध राज्याची अशी पहिली जत्रा १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज येथे भरली, आणि आयोवाची १८५४ मध्ये. काही वर्षे ती गावोगाव फिरली आणि १८८६ पासून डेमॉइनच्या आजच्या जागी स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि २०२० च्या साथीतल्या खंडासारखे मोजके खंड सोडले तर चालू आहे. म्हणजे आरंभी तिथे ना पाळणा होता ना तळण. दोन मेंढ्या होत्या, आणि 'ही चांगली का?' असा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना नेहमी बरोबर देता येते का? इथे मला एक हकीकत सांगितली पाहिजे. ती याच आयोवात घडली.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे मक्याच्या कणसांची स्पर्धा ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. शेतकरी आपल्या शेतातली निवडक कणसे आणून टेबलावर मांडीत. परीक्षक शंभर गुणांचे कोष्टक घेऊन येत: कणीस लांब असावे, दाण्यांच्या ओळी सरळ असाव्यात, बूड आणि शेंडा दाण्यांनी गच्च भरलेला असावा, सगळे दाणे एकसारखे असावेत. आयोवाच्या शेतकी कॉलेजातले पेरी होल्डन नावाचे प्राध्यापक या विद्येचे मोठे जाणकार. १९०४ साली त्यांनी चक्क आगगाडीचे डबे घेऊन स्टेशना-स्टेशनावर थांबत शेतकऱ्यांना चांगल्या बियाण्याची व्याख्याने दिली. तळमळीचा माणूस. त्याच वर्षी त्यांच्या एका स्पर्धेनंतर हेन्री वॉलेस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांना विचारले, 'दिसायला सुंदर असलेले कणीस जास्त पिकते कशावरून? जनावराला ते खायला घालायचे. जनावर काय ओळी मोजून खाते?'

होल्डनसाहेब रागावले नाहीत, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. त्यांनी ती बक्षीसपात्र आणि बिनबक्षिसाची कणसे त्या मुलाला दिली आणि म्हणाले, पेरून बघ. मुलाने प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले, निगा राखली, आणि सुगीला प्रत्येक ओळीचे पीक वेगळे काढून वजन केले. पहिल्या नंबराचे देखणे कणीस उत्पन्नात पार खालच्या रांगेत गेले.

हा मुलगा पुढे मक्यावर प्रयोग करीत राहिला. १९२६ साली त्याने संकरित मक्याचे बियाणे तयार करणारी कंपनी काढली, १९३३ मध्ये तो अमेरिकेचा शेतीमंत्री झाला आणि १९४१ ते १९४५ या काळात उपाध्यक्ष. संकरित मक्याने आयोवाचे उत्पन्न वाढले. आणि त्यामुळेच शेतकऱ्याला दरसाल बियाणे विकत घेण्याची सवयही लागली, ही दुसरी बाजूही आपण विसरू नये. पण आजच्या विषयापुरते मला एवढेच म्हणायचे आहे की, टेबलावरचा निकाल खरा की शेतातला, हे एका शाळकरी पोराने वजन करून दाखवले. त्यानंतर तिकडे नुसत्या देखण्या कणसांच्या जोडीला एकरी उत्पन्नाच्या स्पर्धा सुरू झाल्या.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे असे काही नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. आमच्या हिंगोलीचा दसरा बघा. रामलीला मैदानावर रामलीला, रावणदहन आणि त्याला जोडून भरणारी मोठी प्रदर्शनी. खाकीबाबा मठातून हा उत्सव सुरू झाला आणि त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली, असे गावातले लोक अभिमानाने सांगतात. निजामाच्या काळी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे त्याची साक्ष आहेत. फौजेत उत्तरेकडचे शिपाई. तेव्हा रामलीला या मराठी मुलखात इतकी रुजली त्यात त्या वस्तीचा हात असावा. 'प्रदर्शनी' हा शब्दही तिकडचाच. म्हातारी माणसे तिला अजून नुमाईश म्हणतात. हैदराबादेत १९३८ पासून भरू लागलेल्या नुमाईशीची आठवण त्या शब्दात आहे.

या प्रदर्शनीला आपण जातो तेव्हा काय करतो? पाळण्यात बसतो, 'मौत का कुआँ' बघतो, भांडी घेतो, चादरी घेतो, पोरांना खेळणी घेतो. मीही हेच करतो. त्यात वाईट काही नाही. वर्षाकाठी एकदा जिवाला एवढी मौज हवीच. पण तिथे आपण गिऱ्हाईक असतो. आयोवाच्या जत्रेतला शेतकरी गिऱ्हाईकही असतो आणि स्वतःची वस्तू मांडणाराही असतो. त्याची बायको बरणी मांडते, त्याची लेक कालवड धरून उभी असते.

आपण आपली वस्तू मांडतो ते माळेगावला. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते. खंडोबाची पालखी, कुस्त्या, लावणी हे सगळे असतेच. पण घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा तो बाजार जिकडेतिकडे प्रसिद्ध आहे. तिथे लाल कंधारी गाई-बैल येतात, गडद तांबूस रंगाचे, डोळ्यांभोवती काळी कड असलेले. देवणी येतात. देवणीतही तीन प्रकार जाणकार सांगतात: तोंड काळे नि अंग पांढरे तो वानेरा, जवळजवळ सगळे अंग पांढरे तो बालंक्या, आणि अंगभर काळे-पांढरे ठिपके तो शेवरा. जिल्हा परिषद जनावरांचे प्रदर्शन भरवते, बक्षिसे देते. आयोवात जे बघितले त्याचे मूळ हाड इथे जसेच्या तसे आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली ही की, आपला जाणता शेतकरी बैलाचे गुणदोष ओळखण्यात अमेरिकन परीक्षकाला हार जाणार नाही. तो दात उघडून बघतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, असे वय सांगतो. खूर बघतो, वशिंड बघतो, भोवरे बघतो, दोन पावले चालवून बघतो. पण हे सगळे तो मनात ठेवतो. किंमत ठरवायची वेळ आली की दलाल रुमाल काढतो, रुमालाखाली दोघांची बोटे एकमेकांना दाबतात, आणि काय ठरले ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या पोरालाही कळत नाही. व्यापारात गुपित लागत असेल, मी नाकारीत नाही. पण पारखीचे ज्ञानही त्याच रुमालाखाली जाते, आणि म्हातारा गेला की ते त्याच्याबरोबर जाते. आज ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. कंधारी आणि देवणी यांतले चांगले-वाईट सांगू शकणारी माणसे गावात किती उरली आहेत, हे तुम्हीच मोजून पाहा.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या जनावरांच्या प्रदर्शनात नंबर पुकारला की टाळ्या होतात, फेटा बांधला जातो, फोटो निघतो. परीक्षकांनी तिथेच दहा मिनिटे थांबून कारणे सांगितली, हिच्या कासेत काय बघितले, त्याच्या खांद्यात काय बघितले हे ध्वनिक्षेपकावर बोलले, तर खर्च काही वाढणार नाही. माळेगावच्या गर्दीत ते ऐकणारे हजार कान असतात.

हळदीच्या बाबतीत आपल्याला ही गोष्ट चटकन पटेल. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीच्या हळद बाजारात दूरदूरचा माल येतो. ढिगापुढे उभा राहिलेला खरेदीदार वरच्या पिवळेपणाला भुलत नाही, कारण वरचा रंग पॉलिशच्या ड्रमात येतो; आणि काही लबाड लोक तर शिशाचा विषारी रंग चढवून तो आणतात, असे देशोदेशी उघडकीस आले आहे. तो हळकुंड उचलतो आणि मोडतो. कट् असा आवाज आला तर वाळवण नीट झाले आहे. आतला रंग केशरी-पिवळा आणि कडेपासून गाभ्यापर्यंत सारखा असेल तर शिजवण नीट झाली आहे. दहा मिनिटांत तो चाळीस ढीग पाहून जातो. शेतकरी भाव ऐकतो. आपल्या ढिगाला शेजारच्या ढिगापेक्षा कमी का मिळाले, हे त्याला कुणी सांगत नाही. लिलाव उघडा झाला, कारण अजून झाकलेलेच आहे. दसऱ्याच्या प्रदर्शनीत एक टेबल मांडून दहा गावांची दहा हळकुंडे मोडून ठेवली आणि जाणत्या माणसाने त्यांवर अर्धा तास बोलावे असे ठरवले, तर मला वाटते पाळण्याइतकी नाही तरी बऱ्यापैकी गर्दी जमेल.

अमेरिकेचे असे काही इकडे आणून दाखवण्याचा एक मोठा उद्योग पूर्वी झालेला आहे, आणि तो एका मराठी माणसाने केला आहे. अमरावतीचे डॉक्टर पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि त्या समाजाच्या विद्यमाने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनाला आले होते. अमेरिकेने आपल्या विभागाचे नाव 'अमरीकी मेला' असे ठेवले होते. दिल्लीची प्रदर्शने भव्य असतात. पण खेड्यातल्या पोराला दिल्ली दूर. त्याच्यासाठी शाळा जवळ.

शिक्षकांसाठी म्हणून आयोवाच्याच एका शिक्षिकेची गोष्ट सांगतो. जेसी फील्ड हे तिचे नाव. १९०६ साली ती पेज परगण्यातल्या खेड्यांच्या शाळांची प्रमुख झाली. एकेका खोलीच्या, एकेका शिक्षकाच्या शाळा. तिने मुलांची मका-मंडळे काढली आणि मुलींची गृह-मंडळे काढली, शेतातला हिशेब गणिताच्या तासाला आणला, आणि चांगले काम करणाऱ्याला तीन पानांची एक छोटी खूण छातीवर लावायला दिली. आज 'फोर-एच'च्या चौपानी खुणेचे मूळ त्या तीन पानांत शोधतात. 

आपल्या शाळेत हे असे करता येईल. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. सोयाबीनचे टरफल पातळ. पोते उंचावरून आपटले तरी आतला अंकुर दुखावतो. दिसायला दाणा टपोराच राहतो. वॉलेसच्या कणसासारखेच. म्हणून एप्रिलमधल्या परीक्षा आटोपल्या की निकालापर्यंत जे मोकळे दिवस असतात, त्यांत प्रत्येक मुलाला घरी बियाण्यासाठी राखलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे आणायला सांगा. निवडून नव्हे, पोत्यात हात घालून येतील ते. स्वच्छ गोणपाट पाण्यात भिजवून पसरावे, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी थोड्या थोड्या अंतराने मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, आणि नाव लिहिलेली चिठ्ठी बांधून सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा वर आले तर बियाणे पेरायला चांगले. थोडे कमी आले तर त्या मानाने एकरी बियाणे वाढवावे. फार कमी आले तर ते तेलाला द्यावे आणि दुसऱ्याची सोय पाहावी. पेरणीला अजून दीड महिना हातात असतो.

मोजणी झाली की गुंडाळ्या ओळीने मांडा. पंचाऐंशी कोंब आले त्या घरी पोती कशी ठेवली होती, चाळीस आले त्या घरी कशी ठेवली होती, हे मुलांनाच उभे राहून सांगू द्या. आणि हे सगळे चालू असताना वर्गाचे दार उघडे ठेवा, कारण चौथ्या-पाचव्या गुंडाळीपर्यंत बाहेर पालक येऊन उभे राहिलेले असतात.